काटकोनाची दोरी

गणिताच्या बाईंनी त्या दिवशी सातवीच्या वर्गात खडू हातातच घेतला नाही. पिशवीतून गाठी मारलेली दोरी काढली. बारा सारखे भाग. तीन, चार आणि पाच भागांच्या बाजू करून ताणल्या, की तीन-चारच्या कोपऱ्यात काटकोन तयार.

"पुस्तकावर विसंबू नका," बाई म्हणाल्या. "स्वतः मोजा."

मुलींना तेवढंच हवं होतं. पाचाची बाजू लाल रंगवलेली होती. ती दोन दांडग्या मुलींनी धरली, ती सोडलीच नाही. आठवडाभरात फळा वाकडा ठरला, टेबल वाकडं ठरलं, मुख्याध्यापिकांचं दारही. सगळं सारखंच वाकडं कसं, अशी शंका बाईंना चाटून गेली. पण मुली इतक्या रंगल्या होत्या, की बाईंनी ती गिळून टाकली.

मग बाईंसकट सगळी पलटण नव्या प्रयोगशाळेत शिरली. तिथे गवंडीकाका विटांचा ओटा बांधत होते.

"काका, तुमचा कोपरा चुकलाय!"

"अगं, गुण्या लावून बांधलाय," काकांनी हातातली लोखंडी काटकोनी पट्टी दाखवली. "तीस वर्षं लावतोय."

दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

बाई क्षणभर घुटमळल्या. "दोरी कशाला खोटं बोलेल?"

काकांनी मुकाट्याने अर्धा ओटा फोडला आणि दोरीबरहुकूम बांधला. दोन दिवसांनी काटकोनात कापून आलेली फरशी वर ठेवली, तर कडेला हात जाईल एवढी फट!

तेव्हा कुठे बाईंनी दोरीलाच मोजपट्टी लावली. लाल बाजू ताणून ताणून चार बोटं लांबली होती.

"काका, चूक माझी," त्या ओट्यापाशी जाऊन म्हणाल्या. "मोठ्या बाईंनाही सांगून आलेय."

"असू द्या, बाई."

"पण काका," मागून एक मुलगी, "तुमचा गुण्या तरी बरोबर कशावरून?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र खुलले. फरशीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून त्यांनी रेघ ओढली, गुण्या पालथा केला आणि त्याच जागी दुसरी ओढली. दोन्ही रेघा एकावर एक.

"वाकडा असता, तर रेघा फाकल्या असत्या."

"पुन्हा दाखवा, पुन्हा!" मुलींनी काकांना घेरलं.

बाई हळूच म्हणाल्या, "हे त्या दिवशीच दाखवलं असतंत तर..."

"दाखवलं असतं की," काका हातोडा उचलत म्हणाले. "पण मला विचारलं कोणी? तुम्ही दोरीला विचारत होतात."