कार्बनला वळण लावण्याबाबत

पदार्थाचा स्वभाव जन्मजात असतो, या तत्त्वावर सुस्थिर राज्यकारभार उभा आहे. तांब्यातून वीज जाते, लाकडातून जात नाही. ज्याने त्याने आपली पायरी ओळखून असावे. कलकत्त्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत १९७४पर्यंत हे सुरळीत चालले होते. मग कालिंदी दामले यांनी कागदावर एक नळी वळली.

शहरातल्याच बालीगंज भागात राहणाऱ्या कालिंदीबाई सहा वर्षे हंगामी संशोधक होत्या. (हंगाम कोणता, हे नियमांत नमूद नाही.) या नळीवरच्या अहवालावर त्या कायम तरी होणार होत्या, नाहीतर घरी बसणार होत्या. घरी यजमान वसंतराव आधीच बसलेले होते; त्यांच्या कारखान्यात टाळेबंदी होती.

अहवालात म्हटले होते, की पेन्सिलीच्या शिशातल्या कार्बनचा एकाच अणूइतका जाड, षटकोनी जाळीचा पापुद्रा घेऊन त्याची नळी करावी. (असा पापुद्रा कोणी सोललेला नव्हता, त्यामुळे अहवाल तपासणाऱ्या समितीला मत देणे सोपे गेले.) एका दिशेने गुंडाळला तर वीज बिनतक्रार वाहते. जरा तिरका गुंडाळला, की तीन नळ्यांतल्या दोन अडून बसतात. कार्बन तोच, जाळी तीच.

समजावे म्हणून बाईंनी खुराड्याची जाळी गुंडाळून दाखवली. समितीने कोंबड्यांची चौकशी केली. समितीत पाच सदस्य होते. पदार्थविज्ञान शिकलेला एक, आणि तो रजेवर. इतक्यात लोडशेडिंग होऊन छतावरच्या ट्यूब विझल्या, आणि सर्व नळ्यांचे वर्तन सारखेच असते हे अध्यक्षांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

"मटेरियल एक आणि वागणूक दोन?" अध्यक्ष भादुरीबाबू म्हणाले. "उद्या खालचा स्टाफ म्हणेल, आम्हालाही नीट गुंडाळा, आमच्यातूनही करंट जाईल." (त्यांचा तीनदा नापास झालेला भाचा नुकताच भांडार अधिकारी झाला होता. त्याची गुंडाळणी घरचीच होती.)

"पण सर, गणित तसंच येतं."

"गणित परमनंट आहे, मिसेस दामले. तुम्ही नाही. शेवट तेवढा बदलून आणा."

घरी त्यांनी वसंतरावांना विचारले, "काय लिहू?"

"खरं असेल ते लिही," वसंतराव म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "कारखाना काही दुर्गापूजेपर्यंत उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी लिहिले, की कशाही गुंडाळल्या तरी सर्व नळ्यांतून वीज सारखीच वाहते. लिहिताना त्यांना स्वतःची लाज वाटली. कायम केल्याचा हुकूम त्याच आठवड्यात आला.

हे वाचून तुम्हाला कालिंदीबाईंचा राग आला असेल. येणारच, तुमची नोकरी कायम आहे.