चुकून झालेलं डोहाळजेवण

व्यवस्था करावी तर मीच करावी! कल्याणच्या मामलेदार कचेरीत मला सगळे भाऊ म्हणतात. साहेबाचा दौरा असो नाहीतर कुणाची मुंज, भाऊंनी हात लावला की काम फत्ते! म्हणून राणीच्या जुबिलीच्या साली वैद्यबुवांनी आमच्या मंडळींची, म्हणजे कलावतीची, नाडी पाहून जे काही सांगितलं, ते मी साहेबाच्या दौऱ्यासारखं अंगावर घेतलं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्यासाठी हिने इतके उपास धरले होते, की आठवड्यात जेवणाचा वार शोधावा लागे! वाळून वाळून बाई उदबत्तीच्या काडीएवढी राहिलेली. हसायची, पण पाहुण्यांसमोर हसावं तशी.

वैद्यबुवा म्हणाले, "अंगात रक्त कुठंय हिच्या? आधी उपास बंद! दूध, तूप, खारीक, काळे तीळ, पालेभाजी. शतावरी देतो, पण नुसत्या पुडीवर विसंबू नका. पोटभर जेवण, स्वस्थ झोप, सकाळी मोकळ्या हवेत फिरणं आणि मन प्रसन्न. बाकी देवाच्या हातात."

"सगळी व्यवस्था करतो!" मी म्हणालो.

"आणि तुमची तंबाखू बंद. मूल काय एकट्या बाईचं असतं?"

ही व्यवस्था मला विशेष आवडली नाही. पण केली!

मग आमचे दिवस कसे गेले म्हणून सांगू! पहाटे नदीकाठानं शहाडच्या बाजूला जायचं. पाण्यावर धुकं असं पसरलेलं, की नदी अजून पांघरुणातच आहे असं वाटावं. ही थांबायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अहो, बोलू नका ना जरा." मी न बोलता उभा! कचेरीत कुणाला खरं वाटलं नसतं. दुपारी ही जेवून गाढ झोपायची. चार महिन्यांत गालांवर लाली आली, बांगड्या घट्ट झाल्या, आणि एके दिवशी खीर ढवळता ढवळता ही चक्क गुणगुणली!

अशात ठाण्याहून आमची आवडाआत्या आली. तिच्यापुढे मी ऐटीत म्हणालो, "आत्या, हिला आता जपायचं हं. जड घागर उचलायची नाही, उपास नाही, दुपारी झोप. वैद्यबुवांचा हुकूम!"

आत्यानं हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळ्यांना पदर लावला. "अरे लबाडा! कळवायचं नाही का रे?"

"त्यात कळवायचं काय?" मी म्हणालो.

झालं! दुसऱ्या दिवशी कचेरीत महिपतराव पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाऊ, ऐकलं बरं का! अभिनंदन!"

मला वाटलं, माझ्या व्यवस्थेची कीर्ती पसरली. "छे हो, ही तर सुरुवात आहे," मी म्हणालो. "सगळं माझ्या एकट्याच्या मेहनतीचं फळ!"

महिपतरावांना एवढा ठसका का लागला ते मला तेव्हा समजलं नाही.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "ठाण्याहून माझ्या चार मैत्रिणी बोलावते. कलावतीला चांदण्यात नावेतून फिरवून आणू. तिला मात्र काही सांगू नकोस."

मन प्रसन्न! मी लगेच काळुराम नावाड्याचा मचवा ठरवला. मचव्याला झेंडूच्या माळा, वर केळीचे खांब, आत सतरंजी, आणि आत्यानं सांगितला म्हणून एक झुला. नावेला झुला कशाला हवा, हे मी आत्याला विचारलंसुद्धा नाही!

मार्गशीर्षातली शुद्ध सप्तमी होती. दिवेलागणीला मचवा खाडीत निघाला. अर्धा चंद्र डोक्यावर, पाणी दुधासारखं, आणि मधोमध झेंडूनं मढलेली नाव जणू झोपेतच तरंगत चाललेली. मी काठावर बसून स्वतःवर खूश होतो. इतक्यात पाण्यावरून गाणं आलं. मी कान दिला. डोहाळ्यांचं गाणं! पाठोपाठ आत्याचा आवाज, "हिरवा शालू नीट घे गं, आता ओटी भरते!"

लबाडा... अभिनंदन... मेहनतीचं फळ! देवा रे!

आणि ती बिचारी तिथं एकटी. सहा वर्षं ज्या गोष्टीसाठी झुरली, तीच खोटीखोटी तिच्या ओटीत!

"थांबा!" मी ओरडलो आणि धोतर खोचून निघालो. नाव लांब नव्हती. ओहोटी लागली होती आणि काळुराम करंज्या खाण्यात इतका रंगलेला, की मचवा केव्हाच गाळात बसलेला! मी दहा पावलं गेलो आणि कमरेपर्यंत रुतलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. खाडीत पुरलेला खांबच!

"कोण आहे रे तिकडे?" आत्या ओरडली.

"मी! आत्या, ओटी भरू नकोस! तसं काही नाहीये!"

गाणं थांबलं. मग हिचा आवाज आला, हळू पण स्पष्ट. "आत्याबाई, खरंच अजून काही नाही हो. वैद्यबुवांनी नुसतं खायला-झोपायला सांगितलंय. चार महिने मी पोटभर जेवते, एवढंच."

आता रडारड होणार म्हणून मी डोळे मिटले.

पण आत्या म्हणाली, "मीसुद्धा बारा वर्षं उपास केले गं. देवळं केली, नवस केले. मला कुणी जेव म्हणून म्हटलं नाही." तिनं नाक ओढलं. "मग बसलीस काय? जेव! केलेला स्वयंपाक काय मी परत नेणार? आणि मलाही वाढ!"

पुढचं मी गाळातून ऐकलं. आधी ही हसली. पाहुण्यांसमोरचं नव्हे, खरं हसू! मग सगळ्या हसल्या. मग पुरणपोळ्या सुटल्या. कुणीतरी शतावरी कशी घ्यायची ते विचारत होतं. चंद्र झेंडूच्या माळांतून त्यांच्यावर सांडत होता. इतकं सुंदर दृश्य मी जन्मात पाहिलं नाही.

"अहो," हिनं हाक मारली, "करंजी फेकू का?"

"फेक!"

करंजी गाळात पडली. शेवटी कोळ्यांनी फळ्या टाकून आधी बायकांना काठावर आणलं आणि नंतर मला दोरानं ओढून काढलं. धोतर मात्र खाडीनं ठेवून घेतलं.

पुढे दीड वर्षानं आमच्याकडे मुलगी झाली. वैद्यबुवा म्हणतात, आहाराचा गुण. ही म्हणते, दुपारच्या झोपेचा. आवडाआत्या अजून सगळ्या ठाण्याला सांगते, नावेतल्या त्या डोहाळजेवणाचा. काळुरामसुद्धा त्याच्या मचव्याचा पायगुण म्हणतो!

माझं नाव मात्र अजून कुणी घेतलेलं नाही.