ओसरीवरची रंगीत तालीम

आयलाला वाटलं होतं, अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाच्या, फिनलंडहून आलेल्यांनी वसवलेल्या आपल्या खेड्यात 'खाज' म्हटलं तरी बायका माना खाली घालतील. लंडनहून आरोग्यशास्त्र शिकून ती परतली होती आणि गावाचा संकोच घालवण्याचा तिनं चंगच बांधला होता. सोमवारी दवाखान्यात तिचं पहिलं व्याख्यान होतं: अँटिबायोटिक घेताना यीस्ट इन्फेक्शन, म्हणजे योनीमार्गातला बुरशीचा संसर्ग, कसा टाळावा. ते रंगलं, तर नोकरी पक्की. (दाढेसाठी ती स्वतःच त्या आठवड्यात अँटिबायोटिक घेत होती. अभ्यास असा सखोल!)

शनिवारी तालीम म्हणून ती मावश्यांबरोबर तळ्याकाठच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, शिरली. पाहते तो, मावश्या जन्मल्या तशा वाफेत बसलेल्या. अंगावर पोहण्याचा पोशाख हिच्या एकटीच्याच.

"अगं बाई, सॉनात कपडे?" लेम्पीमावशी म्हणाली. "लंडनात थंडी फार असते वाटतं?"

"असू दे गं," मार्तामावशी म्हणाली. "शिकलेलं अंग आहे, झाकून ठेवायला हवं."

तळ्यात बुडी मारून सगळ्या ओसरीवर आल्या. मावश्यांनी अंग कोरडं करून सैल सुती झगे चढवले, कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. आयला तशीच बाकावर टेकली, कारण विषय तापला होता.

"औषधानं वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात, मग यीस्टला रान मोकळं! म्हणून गरजेशिवाय अँटिबायोटिक घ्यायचं नाही, पण दिलेलं मनानं अर्धवट सोडायचंही नाही. पूर्वी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. सुगंधी साबण नको, घट्ट कपडे नकोत."

"आणि दही?" मार्तामावशीनं विचारलं.

"दह्याचा भरवसा नाही, मावशी. पुरावा तोकडा आहे."

"मग पाव घे. त्याला पुरावा लागत नाही."

किटली रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. ऊन कललं. शेवटचा मुद्दा आयलानं बाकावर थाप मारून सांगितला, "आणि ओल्या कपड्यांत बसून राहायचं नाही!"

थाप मारताच पाणी उडालं.

लेम्पीमावशीनं चष्मा पुसला आणि बाकाखाली वाकून पाहिलं. तिथं बदकाचं पिल्लू सहज पोहलं असतं.

"बदलतेच आता," आयला पुटपुटली.

"सावकाश," मावशी म्हणाली. "मुद्दे संपले ना?"

रविवारी सकाळी खाज सुटली. पलंगावर कूस बदलत आयलानं ठरवलं: व्याख्यान रद्द करायचं नाही. सोमवारी आधी पेशंट म्हणून डॉक्टरांसमोर, मग तज्ज्ञ म्हणून लोकांसमोर. आणि कुणी कितीही आग्रहानं खुर्ची पुढे केली, तरी बसायचं नाही.