आत्याचा निवाडा आणि बाबांचा ताबा

परदेशी लवादाचा निवाडा इथल्या कोर्टातून अमलात आणणं म्हणजे वकीलसाहेबांच्या हातचा मळ! भल्या भल्या कंपन्या त्यांच्यापुढे शेपूट घालायच्या. मग सासऱ्यांचा ताबा मिळवणं ते काय अवघड?

झालं होतं असं. सासूबाई गेल्यावर मेहुण्यानं सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, आपल्या घरी नेलं. वकीलसाहेबांच्या बायकोला ते आपल्याकडे हवे होते. बहीणभाऊ हट्टाला पेटले आणि परदेशातल्या आत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, लवाद नेमून मोकळे झाले. तिनं फोनवर दोघांचं ऐकलं आणि निकाल दिला : बाबा लेकीकडे.

मेहुणा फिरला. तिकडचा निकाल इकडे चालत नाही म्हणाला.

"न चालायला काय झालं?" वकीलसाहेब सरसावले. "वस्तू जिथे, तिथल्या कोर्टाचा अधिकार. चल तुझ्या घरी."

तिघंही गेले. वस्तू घरात नव्हती!

मेहुण्यानं पळवल्याचा आळ घेतला, बहिणीनं लपवल्याचा. म्हातारा माणूस एकटा गेला कुठे, याची काळजी वाटायला या शहाण्यांना तीन जिने उतरावे लागले. मग मात्र दोघांचेही चेहरे उतरले. बाग पाहिली, दवाखाना पाहिला. शेवटी बाबांच्या बंद ठेवलेल्या जुन्या दोन खोल्या. दार उघडं होतं. बाबा फरशी पुसत होते.

लेकीला रडूच फुटलं. भाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून स्वतःच नाक ओढत होता.

"बाबा, सांगून तरी यायचं," तो म्हणाला.

"तुम्ही मला विचारलंत? माझ्या ताईनंही नाही विचारलं. मी इथंच राहणार. तुमच्या आईशी मी अजून इथंच बोलतो."

ज्याचं म्हणणंच ऐकलं नाही त्याच्यावर निवाडा लादता येत नाही, हे वकीलसाहेबांनी जन्मभर कोर्टांना शिकवलं होतं. घरात तेवढं सुचलं नव्हतं.

"बाबांचं बरोबर आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "निवाडा इथं लागू होत नाही. पण तो रद्द करायचा अधिकार, निवाडा जिथे दिला तिथल्यांनाच. म्हणजे आत्यांनाच."

"मग ताईला तुम्हीच सांगा, जावईबापू," बाबा फडकं पिळत म्हणाले. "मला भीती वाटते तिची."

मेहुणा छताकडे बघू लागला. बायकोला एकदम खिडक्या पुसायची आठवण झाली. वकीलसाहेबांनी फोन काढला, आत्याचं नाव पाहिलं आणि तो हळूच परत खिशात सरकवला.

"तिकडे आता रात्र असेल. झोपल्या असतील बिचाऱ्या."

तिकडे भर दुपार होती.