दौलतरावांचं देशाचं अजबघर

दौलतरावांनी आपले दोन बैल उन्हात बांधले आणि गोठ्यात गावभरच्या चाळण्या, सुपं आणि मुसळं नेऊन ठेवली. दारावर पाटी लावली, ‘देशाचं अजबघर’. असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि असलाच तर निदान बैल सावलीत बांधण्याइतकी अक्कल त्याला असेल.

मध्यप्रांत-वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळची ही गोष्ट. मी पिंपळगाव राजाच्या शाळेत मास्तर होतो आणि माझं अक्षर सुरेख होतं, हाच माझा गुन्हा. दौलतराव कसल्याशा कामाला नागपूरला गेले, तिथलं संग्रहालय पाहून तणतणत परतले.

"मास्तर, राजाची तलवार, राजाची ढाल, राजाची पालखी! काऊन? देशात काय निसते राजेच राहात होते?"

गावाच्या नावात राजा, आणि हा गडी राजांवर दात धरून!

मग वस्तू जमवणं सुरू झालं. जमवणं म्हणजे मागून आणायच्या आणि परत द्यायच्या नाहीत. इस्माइल पिंजाऱ्याची कापूस पिंजायची जुनी धुनकी आली, कुणाच्या तिफणीचं बी पेरायचं चाडं आलं. बायका गोठ्याच्या दाराशी येऊन भांडायच्या, "दौलतभाऊ, माही चाळनी द्या! पीठ चाळाचं राह्यलं!" हे शांतपणे म्हणायचे, "वैनी, तुमची चाळनी आता देशाची झाली." देशाला चाळणी कशाला लागते, हे विचारायची सोय नव्हती.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी आणि चिठ्ठीवर वापरणाऱ्याचं नाव हवंच, हा त्यांचा कायदा. "तलवारीले धन्याचं नाव असते, मंग सुपानं काय पाप केलं?" चिठ्ठ्या अर्थातच मी लिहायचो. ‘हे सूप गोदाबाईचं. तिनं यात ज्वारी पाखडली.’ शिकलो काय आणि लिहितोय काय, म्हणून मी मनातल्या मनात कपाळ बडवून घ्यायचो.

एकाच वस्तूला चिठ्ठी नव्हती, एका बाजूनं झिजलेल्या वरवंट्याला. तो दौलतरावांच्या वारलेल्या बायकोचा. नाव विचारलं की ते खाली बघत म्हणायचे, "लिहा, घरातल्या मानसाचा." बायकोचं नाव घ्यायला लाजणारा हा गृहस्थ देशाची गोष्ट सांगायला निघाला होता!

आणि एक दिवस नागपूरहून खरंच संग्रहालयाचे साहेब आले. ‘आमचं अजबघर येऊन बघा’ असे दौलतरावांचे अर्ज मीच लिहीत होतो. वाचून कुणीतरी हसेल, एवढीच माझी अपेक्षा. साहेब हसले नाहीत. गोठाभर फिरले आणि तो वरवंटा उचलून त्यांनी बराच वेळ हातात धरला.

"हा मी नागपूरला नेतो. संग्रहालयात ठेवू. पण बाकी सगळ्यांना नावं आहेत, याला का नाही? तेवढं नाव द्या."

दौलतरावांचं स्वप्न हातभर अंतरावर होतं आणि हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या गोदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमी तं तिले सोनाळेवाली म्हनो." सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची आमच्याकडे रीतच. मूलबाळ नव्हतं. जिनं आमच्यात अख्खा संसार केला, तिचं नाव जमलेल्या माणसांत एकालाच माहीत होतं, आणि तो टोपी चुरगाळत उभा होता.

"कावेरी," दौलतराव म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "कावेरी."

मी चिठ्ठी लिहिली. साहेब वरवंटा घेऊन गेले, माणसं पांगली. आता हा पेढे वाटत सुटेल, असं वाटून मी चार टोमणे तयारच ठेवले होते. दौलतराव गोठ्यात जमिनीवर बसले होते.

"मास्तर, ती होती तवा एक डाव बी तिले नावानं हाक नाही मारली. ‘आयकलं काय’ म्हनो. आज नाव घेतलं, तं आयकाले ती नाही."

तयार ठेवलेल्या टोमण्यांची मलाच लाज वाटली.

मग त्यांनीच विचारलं, "चांगलं होतं नं नाव?"

"फार चांगलं," मी म्हणालो आणि त्यांच्याजवळ बसलो.