खैरनार काकांची लाल रेघ

आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत सगळ्यात जास्त नेलपॉलिश कोण घेतं, असं कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या दुकानात विचारून बघा. उत्तर मिळेल, खैरनार काका. वय सत्तरीच्या पुढे, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लालभडक बाटली. दुकानातल्या मुलीने एकदा त्यांना हलका गुलाबी रंग दाखवला, तर म्हणाले, "शोभेचा नको बाई, लांबून दिसणारा दे."

काका अंबडच्या कारखान्यातले जुने फिटर. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, काकांनी बोटीतल्या खुर्च्या धरल्या. शहराजवळच्या धरणावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी आहेत. त्यांतल्या खुर्च्यांना चार पाय नसतात, एकच खांब असतो. खालची दांडी ओढली की खुर्ची वरखाली होते, शिवाय गरगर फिरते. गाळ, ओल आणि पर्यटकांची कार्टी मिळून त्या खांबाचा जीव काढतात. काका तो सोडवतात, स्वच्छ पाण्याने धुतात, खांबाभोवतीचं झिजलेलं कडं, म्हणजे बुश, बदलतात आणि ग्रीसचं बोट फिरवतात. मी एकदा म्हटलं, "काका, जरा सढळ हाताने लावा की." तर म्हणाले, "ते काय पुरणपोळीवरचं तूप आहे का ताई? जास्त झालं की माती धरतं."

सगळं आवळून झालं की बाटली निघते. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत काका एक लाल रेघ ओढतात. बोटीच्या थरथरीने बोल्ट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते.

धरणावर हे ठीक होतं हो. पण ती रेघ कॉलनीत आली. सोसायटीच्या खुर्च्या, सलूनमधली खुर्ची, माझ्या कुकरची मूठ, काही म्हणून सुटलं नाही. माझ्या भाचीला बघायला मंडळी आली, तेव्हा शेजारधर्म म्हणून काकांना बोलावलं होतं. पोहे हातात आले आणि काका मुलाच्या वडिलांना म्हणाले, "जरा उठता का?" तो भला माणूस बशी घेऊन उभा राहिला आणि काका त्याच्या खुर्चीखाली गेले. काकांनी पाना फिरवला, रेघ ओढली आणि वर येऊन सांगितलं, "बसा आता. उभा माणूस पडत नाही, बसता माणूस पडतो."

लग्न जमलं, नशीब आमचं. व्याही अजूनही आले की आधी वाकून रेघ बघतात, मग टेकतात.

काकांच्या त्या 'बसता माणूस पडतो'ला सगळी कॉलनी हसते. काकूंसमोर मात्र कुणी हसत नाही. नांदगावला एका लग्नात काकू घडीच्या खुर्चीवर बसायला गेल्या आणि खुर्ची मिटली. खुब्याचं ऑपरेशन झालं, काठी आली. चालायला लागल्या, पण घरातल्या पलंगाशिवाय कशावरही बसेनात. माझ्याकडे आल्या तरी दारातूनच बोलून जायच्या. काकू सटाण्याकडच्या. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण घाबरल्या की माहेरची अहिराणी बाहेर येते. मी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "माले नही बसनं."

त्याच काकू एका संध्याकाळी काकांचे ग्रीसने माखलेले हात बघून म्हणाल्या, "जगाला बसवता तुम्ही. मला कधी न्याल त्या बोटीत?"

काकांना आभाळ ठेंगणं झालं. खुर्ची पलंगाइतकीच उंच हवी, कमी नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांनी काकूंची काठी पलंगाला लावून तिच्यावर लाल खूण केली आणि धरणावर जाऊन त्या खुणेइतकी खुर्ची वर घेतली. दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. काकू धक्क्यावरून बोटीत उतरल्या. बसण्याआधी त्यांनी काठी खुर्चीशेजारी धरली. खुर्ची खुणेच्या चार बोटं खाली होती.

बोल्टांवरच्या रेघा शाबूत होत्या. खुर्ची वर उचलून धरणारं खांबातलं गॅसचं नळकांडंच दमलं होतं आणि खुर्ची रातोरात हळूहळू खाली बसली होती. सगळ्या बोल्टांवर नजर ठेवणाऱ्या माणसाची नजर तिथे पोचली नव्हती. काकू काठी टेकत धक्क्यावर परत आल्या.

संध्याकाळी काका माझ्याकडे आले. मी खुर्ची दिली. पहिल्यांदाच, न तपासता बसले.

"ताई, नांदगावची ती खुर्ची मीच ओढून दिली होती तिला. बस म्हटलं. फिटर माणूस मी, आणि हात लावून बघितलं नाही."

एवढंच बोलले. आम्ही ज्याला वेड म्हणून हसत होतो, ते हे होतं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तो गॅसचा खांब काढून टाकला आणि भोकात आडवी खीळ घालायचा साधा लोखंडी खांब बसवला. खीळ आहे तोवर खुर्ची खाली येणं शक्य नाही. काकूंना पुन्हा न्यायच्या आदल्या दिवशी, वजन पेलतं का बघायला, खुर्चीवर वाळूची पोती रचून ठेवली होती. आम्ही तिघं बोटीत उतरलो, काकूंनी काठी लावली, खूण बरोबर जुळली. तरीही काकू उभ्याच. काकांनी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली. ती हलत नव्हती, काकांचे हात हलत होते.

काकू त्या हातांकडे बघत राहिल्या आणि बसल्या.

खुर्ची जागची हलली नाही. बोट सुटली. नारिंगी लाइफ जॅकेटातल्या काकूंनी आधी थोडी डावीकडे फिरवली खुर्ची, मग उजवीकडे, मग सरळ एक गिरकीच घेतली. "पक्की शे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी कळलं, माहेरची बोली आनंदातही बाहेर येते.

काका अजून खाली वाकून खीळ चाचपत होते. काकूंनी त्यांचा खांदा धरून वर ओढलं, त्यांच्या खिशातली बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि आपली बोटं पुढे केली.

"आता इकडं लावा," त्या म्हणाल्या. "नखांच्या बाहेर गेलं तरी चालेल."

ते सगळं बाहेरच गेलं.