एकावन्न पॉइंट सहा

सकाळी सव्वाआठला अमरदीपचा फोन आला, आणि पहिलंच वाक्य असं की, "पप्पा, तुम्ही जिवंत आहात ना?"

शंकरराव तेव्हा बनियनवर, गाडीच्या पायरीवर बसून तिसरा चहा पीत होते. हैदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं डबे दुरुस्त केलेला माणूस. साहेबानं त्यांना नाही नाही ते विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आधी छातीवर हात ठेवून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "हौ, आहे जिवंत. कायकू?"

"अहो, तारनाक्यात एकावन्न पॉइंट सहा डिग्री झालंय! मोबाइलवर आलंय, आतापर्यंतचं सगळ्यात जास्त! तुम्ही शाळेच्या मैदानातच आहात ना?"

"तिथंच आहे. मला तर बरं वाटतंय."

"तेच म्हणतो मी! उष्माघात झाला की माणसाला आधी बरंच वाटतं!"

"तुला कसं वाटतंय?"

"मी काय सांगू? मी एसी लावून बसलोय. दार उघडायची हिंमत नाही माझी."

शंकररावांना खरा धक्का बसला तो डिग्रीचा नव्हता. धक्का असा होता की फोन स्पीकरवर होता, आणि गाडीच्या आत चतुराबाई होत्या.

आता ही भानगड सांगायला हवी. शंकररावांनी आयुष्यभर डबे ठोकले, रंगवले, नटबोल्ट आवळले आणि कालक्याला, हावड्याला, जम्मूला रवाना केले. स्वतः मात्र ते तारनाका ते वर्कशॉप, वर्कशॉप ते तारनाका. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आत दोन बर्थ ठोकले, गॅस बसवला, पंखा बसवला, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावला, आणि फ्लॅट मुलाच्या हवाली करून बायकोला म्हणाले, "चल." चतुराबाईंनी त्या गाडीला पहिल्या दिवसापासून 'डबा' म्हटलं, आणि रेल्वेचा डबा म्हणून नव्हे, पिठाचा असतो तो. पण निघाल्या. नागपूर झालं, सांची झालं, बोधगया झाली. मात्र निघतानाच सगळ्यांसमोर त्यांनी बोली केली होती: "पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डबा घरी. मंग मी पुन्यांदा चढनार नाही. एक शब्द ऐकनार नाही."

शंकरराव हसून हो म्हणाले होते. डोक्यात त्यांच्या जून होता. जूनमध्ये डबा घेऊन सिमल्याला. कालक्याच्या गाडीचे बोल्ट ज्यानं आवळले त्यानं कालक्याच्या पुढचं काही बघूच नये का? बस, मे निघाला की झालं. आणि मेमध्ये ते हैदराबादला आले होते, कारण मेमध्ये चतुराबाई कुरडया करतात. परभणीला होत्या तेव्हा करायच्या, तारनाक्यात आल्यावरही एक साल चुकलं नाही. पुण्याच्या लेकीला, स्वप्नाला, कुरडयांचा डबा भरून जायलाच हवा. फ्लॅटच्या गच्चीवर सोसायटीनं सोलरच्या पाट्या बसवल्यानं तिथं आता रुमाल वाळवायला जागा नव्हती, म्हणून सुट्टी लागलेल्या शाळेच्या मैदानात, वॉचमन यादगिरीला विचारून, डबा लावलेला.

"किती म्हनला त्यो?" चतुराबाई दारात आल्या. हातात सोऱ्या, कोपरापर्यंत चीक, आणि डोळ्यांत अशी चमक की शंकररावांनी कप खाली ठेवला.

"मशीनचं काय खरं असतं, चतुरा."

"एकावन्न! मंग पंचेचाळीसच्या वरच की हो! आता बोला, अमरदीपचे पप्पा."

"अगं, घाम तरी आलाय का तुला?"

"मला? गॅसपुढं उभी ऱ्हाऊन पहाटपासनं घामच गाळू लागले मी!"

हा मुद्दा बिनतोड होता. शंकररावांनी साक्षीदार शोधला. यादगिरी फाटकापाशी बाकावर आरामात कानात काडी घालत बसला होता.

"यादगिरी, गरम हो रा क्या तेरे को?"

"नै सेठ. रोज के जैसाच है."

"एकावन्न दिखारा मोबाइल में!"

यादगिरीची काडी कानातच राहिली. "इक्कावन?" तो म्हणाला, आणि बघता बघता बाकावर आडवा झाला. "अय्यो... अब लगरा सेठ. पानी देव."

साक्षीदारच कोसळला. शंकररावांनी त्याला पाणी पाजलं. इकडे चतुराबाईंनी कंबर कसली. घरी जायचं तर हातातलं काम उरकायला हवं. पहिला घाणा शिजवून, घालून झाला होता. मैदानात प्लास्टिकवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा लागल्या होत्या. दुसरं पातेलं बाकी होतं. रात्रभरात चीक तळाला बसलेला, वर निवळ आलेली. ती त्यांनी कोपऱ्यातल्या पडक्या कुंपणाआडच्या गोल तोंडाच्या नळकांड्यात ओतली. शाळेनं लेकरांना हात धुवायला केलेली मोरी. शेजारी खांबावर कबुतरांचं पांढरं खुराडं होतं, त्याला झापड्या होत्या, पण कबुतर एकही राहत नव्हतं. चांगलं सात लिटर पाणी गेलं. मग त्यांनी पातेलं गॅसवर चढवलं.

पाच मिनिटांत पुन्हा फोन.

"पप्पा! ढगफुटी!"

"कुठं?"

"तारनाक्यात! दहा मिनिटांत दोनशे बावीस मिलीमीटर! तुम्ही वाहून तर नाही ना गेले?"

शंकररावांनी वर बघितलं. आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखं कोरं. एक घार फिरत होती, तीही कंटाळून.

"बेटा, एक ढग नाही इथं."

मग अमरदीप फार हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "पप्पा, तुम्हाला भास होतायत. मम्मीचा हात धरून बसा. मी येतो."

शंकरराव खरोखर हबकले. एकावन्न डिग्री आपल्याला लागत नाही, दोनशे मिलीमीटर पाऊस आपल्याला दिसत नाही. म्हणजे बिघाड हवेत नसून आपल्यातच आहे की काय? त्यांनी तळहात पसरून बघितला. कोरडा. त्यांनी तो यादगिरीला दाखवला. "गीला है क्या रे?"

यादगिरीनं डोळेच उघडले नाहीत. "मेरे को कुछ भी नक्को दिखाव सेठ."

अमरदीप आला तो बघण्यासारखा होता. अंगात रेनकोट, डोक्याला ओला टॉवेल, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं. दोन्ही विक्रमांचा बंदोबस्त करून निघालेला. कोरड्या ठणठणीत मैदानात येऊन तो थांबला, छत्री मिटावी की उघडावी त्याला समजेना.

"पाणी कुठं गेलं सगळं?" त्यानं विचारलं.

"आलंच कुठं होतं?" शंकरराव म्हणाले.

"अरे, बरं झालं आलास," आतून चतुराबाई. "टॉवेल काढ त्यो डोक्यावरचा, आन् ती बाज उचलू लाग. आपन घरी चाललो."

तेवढ्यात फाटकातून एक मोटरसायकल आली. वरून एक चष्मेवाला तरुण उतरला, पाठीला बॅग, चेहरा पांढराफटक. हेल्मेट काढायचं विसरून तो थेट पडक्या कुंपणाकडे धावला, तारेवर वाळत घातलेल्या साडीत अडकला, सुटला, आणि नळकांडं उघडून बघतो तर...

"माय गॉड," तो म्हणाला. "पांढरा आहे!"

"कोण हो तुम्ही?" शंकरराव.

"अरे, मराठी? मी हर्षद. मूळचा पुण्याचा. आमचं हवामानाचं ॲप आहे ना, हे स्टेशन आमचं. काका, तुम्ही इथंच होता? तुम्ही पाहिला तो पाऊस?"

"नाही ना!" शंकररावांनी कोरडा तळहात पुढे केला. "मलाच दिसला नाही!"

हर्षदनं बाटलीत नमुना घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला आणि दोन पावलं मागे सरला. "आंबूस वास येतोय. काका, ही आम्लवर्षा आहे! प्युअर ॲसिड रेन! आधी इतकं तापलं, मग हे कोसळलं. हे जगात कुठं झालेलं नाही. मला दिल्लीला कळवावं लागेल."

अमरदीपनं गपकन छत्री उघडली. यादगिरी बाकाखाली गेला.

शंकररावांनी मात्र त्या बाटलीचा वास घेतला. पुन्हा घेतला. चाळीस मे महिने हा वास त्यांच्या घरात होता. ते वळले आणि हाक मारली, "चतुरा, निवळ कुठं ओतलीस?"

"मोरीत. कुठं वतनार?"

"कुठल्या मोरीत?"

"ही काय," म्हणत चतुराबाईंनी सोऱ्यानंच दाखवलं, "ह्या लेकरानं झाकन काढलंय बगा."

हर्षद खाली बसला. चांगला मातीत बसला. "काकू, हे पर्जन्यमापक आहे."

"काय का असंना. कुरडईचं पानी हाय ते, भाऊ. ॲसिड नव्हं. गव्हाचं हाय, चांगलं असतंय."

"आणि टेंपरेचर?" हर्षदनं केविलवाणं होऊन कबुतरांच्या खुराड्याकडे बघितलं; त्याचा थर्मामीटर त्यातच होता. मग खुराड्यापासून सरळ रेषेत गाडीकडे. तिथं शंकररावांनी स्वतःच्या हातानं बसवलेला एक्झॉस्ट पंखा होता, रेल्वेच्या डब्यातला, तीन माणसांना उडवील असा. धूर कुरडयांवर जाऊ नये म्हणून गाडी त्यांनीच पंख्याचं तोंड त्या बाजूला करून लावली होती. दुसरा घाणा रटरटत होता, आणि पंख्यातून निघालेली वाफ खुराड्याच्या झापड्यांत सुखानं शिरत होती.

मग शंकररावांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो एवढा पडला की त्यांनी बनियनवरच उडी मारली.

"म्हणजे एकावन्न झालंच नाही! खरं किती आहे, बाबा?"

हर्षदनं बॅगेतून हातात धरायचं छोटं यंत्र काढलं, सावलीत धरलं. "अडतीस पॉइंट चार."

"अडतीस! ऐकलंस, चतुरा? अडतीस! बोली कायम! डबा घरी जात नाही! जूनमध्ये सिमला!"

चतुराबाईंनी जाऊन गॅस बंद केला. सगळ्या कुरडया घालून घेतल्या, हात धुतले, पदराला पुसले. चांगला अर्धा तास गेला. मग हर्षदपुढे येऊन म्हणाल्या, "ते तुजं मशीन दे बरं, बाळा."

यंत्र घेऊन त्या डब्यात गेल्या, दार ओढून घेतलं, दहा मिनिटांनी बाहेर आल्या.

"वाच."

हर्षदनं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "काकू... सत्तेचाळीस पॉइंट तीन."

"हां."

"अगं, ते आतलं आहे!" शंकरराव ओरडले. "पत्रा तापतो! आतलं कुठं धरतात?"

"बोलीत भायेरचं म्हनलंतं का? पारा म्हनलं व्हतं. मी ऱ्हाते कुठं? झाडाखाली तुमी बसता च्या पीत. मी आत आस्ते."

शंकररावांनी अमरदीपकडे बघितलं. अमरदीपनं छत्री चेहऱ्यापुढे धरली. हर्षद म्हणाला, "टेक्निकली काकूंचं बरोबर आहे," आणि आपलं स्टेशन सुकवायला निघून गेला.

पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस हरल्यावर वाद घालत नाही. शंकररावांनी शर्ट घातला, किल्ली घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. सीट इतकी तापलेली की सत्तेचाळीस त्यांना आता कुठं कळलं. सिमल्याचा नकाशा समोर काचेला चिकटवलेला होता. त्यांनी त्याचा एक कोपरा सोडवला.

"कुठं निघाले?" खालून आवाज आला.

"घरी. तूच म्हणालीस."

"आन् ह्या कुरडया कोन वाळवनार? तुमचा यादगिरी? चार दीस ऊन लागतंय. गच्चीवर तर पाट्या बशिवल्यात. वाळल्या की जाऊ."

चार दिवस! शंकररावांनी नकाशाचा कोपरा दाबून परत चिकटवला आणि विचार करू लागले. दुपारी चतुराबाई कडुनिंबाखाली बाजेवर आडव्या झाल्या, डोळ्यांवर पदर ओढला, श्वास संथ झाला. शंकरराव चवड्यांवर डब्यात शिरले. गहू भिजायला तीन दिवस. दळून, गाळून, निवळायला एक रात्र. वाळायला चार. अजून दोन घाणे केले तर इथंच जून उजाडतो, आणि जूनमध्ये सिमला. बर्थखालून त्यांनी गव्हाची पिशवी आवाज न करता ओढली. भलतीच हलकी लागली. मनाशी म्हणाले, असू दे, आणि मोठ्या टोपाचं झाकण उचललं.

टोपात काठोकाठ पाणी होतं. पाण्यात पाच किलो गहू भिजत पडले होते.

बाहेरून, पदर डोळ्यांवरून न काढताच, चतुराबाई म्हणाल्या, "झाकन नीट लावा. माशा बसतात."